गावी आलं म्हणून कर्ज सुटत नाही
"दुबईच्या बँकेचं कर्ज थकवून गावी परतलं की विषय संपला," असं अनेकांना वाटतं. १७ जानेवारी २०२० च्या आधी ते बऱ्यापैकी चालून जायचं. त्या दिवशीच्या अधिसूचनेने केंद्र सरकारने यूएईला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ च्या यादीत घेतलं, म्हणजे ज्या देशांतल्या कोर्टांचे निकाल इथे थेट अंमलात आणता येतात त्या देशांत. तिकडच्या कोर्टाचा हुकूमनामा (पैसे द्या असा अंतिम आदेश) हातात असेल तर बँकेला इथे नव्याने दावा लावायची गरज नाही, जिल्हा न्यायालयात थेट दरखास्त, म्हणजे वसुलीच्या अंमलबजावणीचा अर्ज. ब्रिटन, सिंगापूर या यादीत आधीपासून आहेत. अमेरिका अजून नाही.

माझ्या मावसभावाला क्रेडिट कार्डाच्या थकबाकीपायी अशी नोटीस आली. त्याआधी वर्षभर वसुलीवाल्यांचे व्हॉट्सॲप कॉल येत होते, ते हा कट करायचा (त्यात एक जण 'इंटरपोल' म्हणून धमकावायचा, तो शुद्ध फेकूपणा). वकिलांनी मात्र रक्कम विचारलीच नाही. पहिला प्रश्न, "तिकडचं समन्स तुमच्या हातात पडलं होतं का?" ते गेलं होतं शारजातल्या सोडलेल्या खोलीवर. बाजू मांडायची संधीच मिळाली नसेल तर त्याच संहितेच्या कलम १३ खाली हरकत घेता येते. नुसतं 'निकाल एकतर्फी होता' एवढं पुरत नाही. समन्स गेलं तेव्हा तिथे राहत नव्हतो हे दाखवायला आता तो जुन्या रूममेटकडून खोली सोडल्याची पावती मागवतोय.