रॉबर्ट जॉन्सनच्या तबकड्या मूळ गायनापेक्षा वेगाने वाजतात का?

धागाकर्ता: अमेरिकेतल्या मिसिसिपीचा ब्लूज (तिथल्या कृष्णवर्णीयांचे लोकसंगीत) गायक रॉबर्ट जॉन्सन याची 29 गाणी नोव्हेंबर 1936 मध्ये सॅन अँटोनिओत आणि जून 1937 मध्ये डॅलसमध्ये ध्वनिमुद्रित झाली. ती मूळ गायनापेक्षा सुमारे 20 टक्के वेगाने वाजतात, असा दावा काही अभ्यासू श्रोते करतात आणि मला तो पटतो. संगणकावर वेग तेवढा उतरवून ऐकले, तेव्हा ताणलेला, काहीसा घाबरा वाटणारा आवाज खाली बसला आणि एरवी एकमेकांत गुरफटणारे शब्द सुटे ऐकू आले.

काळी चार: सहमत नाही. कानाला बरे वाटले, हा पुरावा होत नाही. वेग उतरवला की कोणाचाही आवाज भारदस्त होतो. 20 टक्के म्हणजे तीन अर्धस्वरांहून (हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर म्हणजे एक अर्धस्वर) थोडे अधिक, अर्थात हार्मोनियमच्या काळी चार पट्टीत गाणारा गायक थेट पांढरी चारमध्ये येऊन बसतो. त्यासाठी मिनिटाला 78 फेऱ्यांनी वाजणारी तबकडी मुळात 65 फेऱ्यांनी कापली (मुद्रित केली) गेलेली असायला हवी. सात महिन्यांच्या अंतराने, दोन वेगळ्या शहरांत, हीच चूक त्याच प्रमाणात कशी झाली? शिवाय सॅन अँटोनिओत त्याच दिवसांत इतर कलाकारांचीही मुद्रणे झाली होती. त्यांचा वेग उतरवून पाहा, म्हणजे कोण किती मंद गात होते ते कळेल.

धागाकर्ता: तबकड्या अधिक उत्साही वाटाव्यात म्हणून कंपनीने वेग मुद्दाम वाढवला असेल, तर दोन्ही ठिकाणी प्रमाण सारखे येणारच.

काळी चार: हेतू गृहीत धरल्यावर काहीही सिद्ध करता येते.

जुनी सुई: दोघेही 20 टक्क्यांवर अडून बसला आहात, पण खरा घोळ त्याहून लहान फरकांत आहे. 78 हा आकडा तेव्हाही काटेकोर नव्हता. 60 हर्ट्झच्या विजेवर तबकडी 78.26 फेऱ्यांनी फिरे, 50 हर्ट्झवर 77.92 फेऱ्यांनी, आणि त्याआधीच्या काळात कोलंबिया कंपनीच्या अनेक तबकड्या 80 फेऱ्यांच्या असत. वेगात 6 टक्के फरक पडला की स्वर एका अर्धस्वराने सरकतो. आपल्या जुन्या तबकड्यांत निदान साथीची हार्मोनियम असते आणि तिच्या पट्टीवरून काहीतरी अंदाज बांधता येतो. एकटा बसून कानाने तारा लावणाऱ्या आणि गिटारच्या मानेवर कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चाप) चढवणाऱ्या गायकाबाबत तोही आधार नाही.

धागाकर्ता: मग तपासायचे कसे?

जुनी सुई: मुद्रणाच्या वेळी वीजपुरवठ्याची बारीक घरघर तबकडीच्या खाचेत उतरली असेल, तर तिची वारंवारता मोजता येते. मूळ 60 हर्ट्झची घरघर 20 टक्के अधिक वेगाने वाजवल्यावर 72 हर्ट्झवर ऐकू येईल. मात्र एक खबरदारी हवी: तबकडीवरून पुढे प्रत काढतानाही अमेरिकेत 60 हर्ट्झचीच घरघर मिसळू शकते, त्यामुळे 60 सापडल्याने काहीच ठरत नाही.

काळी चार: हे मान्य. 72 दाखवा, मी माझा आक्षेप मागे घेतो.