विषय: मिस्टरी शॉपरचं सर्टिफिकेट पैसे भरून घ्यावं का?

प्रेषक: वृषाली

नमस्कार मंडळी,
मंडळाच्या कामाचा विषय नाहीये हा, आधीच सॉरी. मी सध्या मिस्टरी शॉपिंगची कामं घेतेय, म्हणजे गिऱ्हाईक बनून दुकानात नाहीतर बँकेत जायचं, स्टाफ कसा वागतो ते बघायचं आणि घरी येऊन ऑनलाइन रिपोर्ट भरायचा. आता एका साइटवर ‘सर्टिफाइड प्रोफेशनल मिस्टरी शॉपर’ असा कोर्स दिसला, फी भरा, परीक्षा द्या, नावापुढे लावायला पदवी मिळेल आणि म्हणे जास्त पैशाची कामं आधी आपल्याकडे येतात. नवऱ्याच्या मते सगळी लुबाडणूक आहे, त्याला कशातही लुबाडणूकच दिसते तो भाग वेगळा. इथे कोणी हे काम करतं का? खरंच उपयोग होतो का?
वृषाली

प्रेषक: अंजली

वृषाली, नवऱ्याचं या वेळी अर्धं बरोबर आहे :)
मी हे काम बरीच वर्षं करतेय आणि मधे एका कंपनीसाठी दुसऱ्यांचे रिपोर्ट तपासायचंही काम केलंय, त्यामुळे दोन्हीकडचं सांगते. शेड्युलर काम वाटायला बसतो तेव्हा तो काय बघतो? तू त्या जागेपासून किती लांब राहतेस, त्याच ठिकाणी मागे कधी गेली होतीस (रोटेशन असतं, तोच चेहरा लगेच परत चालत नाही), आधी घेतलेली कामं वेळेत केलीस का ऐनवेळी टांग दिलीस, आणि जुन्या रिपोर्टना मार्क किती पडले. सॅसी नावाचं सॉफ्टवेअर बऱ्याच कंपन्या वापरतात, त्यात एडिटर, म्हणजे रिपोर्ट तपासणारा, प्रत्येक रिपोर्टला 10 पैकी मार्क देतो. सर्टिफिकेटसाठी प्रोफाइलमधे असला तर एखादा रकाना. महिनाअखेरीला कामं उरलेली असतात, शेड्युलरच्या नाकीनऊ आलेले असतात, तेव्हा बोनस लावून तो ज्याला फोन करतो तो हमखास वेळेत रिपोर्ट देणारा माणूस असतो, पदवीवाला असेलच असं काही नाही.

आणि मार्क कशावर कापले जातात ते बघ. ‘काउंटरवरची मुलगी उर्मट होती’ असं लिहून आलं की मी रिपोर्ट परत पाठवायचे. उर्मट म्हणजे तिने केलं काय? ‘2:14 ला मी काउंटरशी उभी राहिले, ती स्क्रीनकडे बघत होती, 2:16 ला मान वर न करता म्हणाली, नेक्स्ट.’ एवढं लिहिलं की क्लायंट, म्हणजे ज्याच्यासाठी रिपोर्ट करतो ते दुकान नाहीतर बँक, काय ते समजून जातो, आपलं मत त्यात घालायची गरजच नाही. वेळा डोक्यात राहत नाहीत म्हणून मुरलेले शॉपर स्वतःलाच मेसेज टाकत राहतात, बघणाऱ्याला वाटतं चॅटिंग चाललंय, आणि मेसेजवर वेळ आपोआप पडते. पावतीचा फोटो दुकानाच्या बाहेर पडल्या पडल्या काढायचा. सूचनांचा कागद हातात घेऊन आत जाणारेही महाभाग असतात, त्यांच्याबद्दल काय बोलणार!

आता एमएसपीए. ही मिस्टरी शॉपिंग करवून घेणाऱ्या कंपन्यांचीच संघटना, 1998 पासूनची, त्यांनी शॉपर्ससाठी सिल्व्हर आणि गोल्ड अशी सर्टिफिकेशन्स काढली होती. ती काही फसवाफसवी नव्हे, अगदी नवख्याला त्यातून शिकायला मिळतंच. पण त्याच्याशिवाय काम अडतं असंही नाही. शिवाय बऱ्याच कंपन्या नवीन क्लायंटचं काम द्यायच्या आधी स्वतःची छोटी परीक्षा घेतात, ती फुकट असते आणि ती पास झाल्याशिवाय काम मिळत नाही. ती मात्र मन लावून दे.
अंजली

प्रेषक: मिलिंद

अंजलीताई, पटलं पण सगळं नाही. मी या धंद्यात पैसे देणाऱ्या बाजूला होतो, आमच्या ऑफिसने एका एजन्सीकडून असे रिपोर्ट विकत घेतले होते आणि त्या रिपोर्टवर ब्रँचमधल्या लोकांचा बोनस ठरायचा. म्हणजे कोणीतरी अनोळखी माणूस दहा-पंधरा मिनिटं येऊन जाणार, घरी जाऊन आठवेल तसं लिहिणार आणि त्यावर एखाद्याचे पैसे कापले जाणार. त्या लिहिणाऱ्याला कसलंही ट्रेनिंग नसलं तरी चालतं हे मला तेव्हाही खटकलं होतं. शॉपर सर्टिफाइड आहे का हे आमच्याकडे कोणी विचारलं नाही हे खरं, पण विचारायला हवं होतं असं माझं मत आहे. अमेरिकेत नेवाडा राज्यात तर हे काम प्रायव्हेट इन्व्हेस्टिगेटरच्या कायद्याखाली येतं, त्या कायद्याखालचा परवाना किंवा नोंदणी लागते. सगळीकडे तितकं कडक नको, पण काहीतरी चाळणी हवी ना. आणि ज्याच्याकडे जुने मार्कच नाहीत त्याने सुरुवात कुठून करायची?
मिलिंद

प्रेषक: अंजली

मिलिंद, ट्रेनिंग हवं यात वादच नाही, फक्त ते शॉपरने स्वतःच्या खिशातून का घ्यायचं? बोनस कापायचा अधिकार क्लायंटला, नफा एजन्सीला, आणि शिकवायचा खर्च एका कामाचे चिल्लर पैसे मिळवणाऱ्या बाईने करायचा, हा कुठला न्याय? छुप्या कॅमेऱ्याने शूट करत द्यायच्या भेटी, ‘व्हिडिओ शॉप’, असतात ना, त्यात पैसे बरे असतात, पण तिथेही एजन्सीच तुम्हाला कॅमेरा कसा लावायचा ते शिकवते आणि सरावाची क्लिप करून मागते. आणि एका भेटीवर बोनस कापणं हे मुळात क्लायंटचं चुकतंय, शॉपरकडे कितीही पदव्या असल्या तरी एक भेट ती एकच भेट.

नवख्याने कोणाला नको असलेली कामं घ्यायची, लांबची, आडवेळेची, कमी पैशाची. मार्क तिथेच जमतात.
अंजली

प्रेषक: लिस्ट संयोजक

मंडळी, चर्चा चालू द्या, फक्त कोर्सची लिंक लिस्टवर टाकू नका. आणि एक सूचना सगळ्यांसाठी, कारण या नावाखाली आपल्या लोकांनाही मेल येतायत: ‘तुमची मिस्टरी शॉपर म्हणून निवड झाली’ म्हणून घरी मोठ्या रकमेचा चेक येतो, तो खात्यात भरा, थोडे पैसे ठेवून घ्या आणि उरलेल्याची गिफ्ट कार्डं घेऊन नंबर कळवा, किंवा पैसे पुढे पाठवा. बँक एक-दोन दिवसांत पैसे खात्यात दाखवते पण त्याचा अर्थ चेक खरा आहे असा होत नाही, खोटा निघायला कधी कधी काही आठवडे जातात आणि तोवर गेलेले पैसे आपल्याच बोकांडी बसतात. अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन तर स्पष्ट सांगतं की या कामासाठी सर्टिफिकेटला किंवा कामांच्या यादीला पैसे मोजायची गरज नाही. डिपेंडंट व्हिसावर (जोडीदाराच्या व्हिसामुळे मिळालेल्या) असलेल्यांनी काम घेण्याआधी हेही बघा की असं काम करायची परवानगी आहे का, कारण शॉपर स्वतंत्र कंत्राटदार धरला जातो आणि मिळालेले पैसे ही कमाईच.

प्रेषक: वृषाली

सगळ्यांचे आभार. त्या कोर्सवाल्यांना मेल करून विचारलं की तुमचं सर्टिफिकेट मानणाऱ्या निदान दोन-तीन कंपन्यांची नावं द्या. उत्तर आलं की आज रात्रीपर्यंत भरलंत तर निम्मी फी. नावं नाहीतच! तेव्हा भरत नाहीये.
मिलिंद, तुमच्याकडे आलेल्या रिपोर्टपैकी एखादा चांगला नमुना दाखवाल का, कसा असतो ते कळेल.

प्रेषक: मिलिंद

हो, नावं खोडून ऑफलिस्ट पाठवतो.

प्रेषक: अंजली

मिलिंद, खोडूनसुद्धा नको, गोपनीयतेचा करार असतो, क्लायंटला कळलं तर तुझ्या जुन्या ऑफिसला आणि त्या शॉपरला दोघांनाही ताप. वृषाली, तुझा स्वतःचाच मागचा रिपोर्ट एडिटरच्या शेऱ्यांसकट उघड आणि ‘छान’, ‘नीट’, ‘व्यवस्थित’ हे शब्द जिथे जिथे आलेत तिथे नक्की काय दिसलं होतं ते लिहून बघ. अडलीस तर फोन कर, रविवारी घरी आहे.