मास्टर्ससाठी आईवडिलांचं राहतं घर तारण ठेवावं का?

मुलुंडकर

निवृत्त होईपर्यंत मी एका बँकेच्या कर्ज विभागात होतो. शैक्षणिक कर्जाच्या फायली माझ्या टेबलावरून पुढे जायच्या. आता भाची इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि घरात तोच विषय चालू आहे, म्हणून माझं मत इथे मांडतो. परदेशातल्या मास्टर्ससाठी आईवडिलांनी राहतं घर तारण ठेवू नये. मुलांनी आधी दोन वर्षं नोकरी करावी, चार पैसे आणि थोडा अनुभव गाठीला बांधावा, मग जावं.

अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या एमएससाठी ४० लाखांचं कर्ज ही आता नेहमीची गोष्ट झाली आहे. साडेदहा टक्के दर धरला तर पूर्ण रक्कम उचलल्यावर नुसतं व्याजच वर्षाला ४ लाख २० हजार होतं. शिकत असताना हप्ता नसतो म्हणून घरचे निर्धास्त असतात, पण व्याज चढतच असतं. ते चढलेलं व्याज बाजूला ठेवलं तरी दहा वर्षांच्या फेडीचा हप्ता महिना ५४ हजारांच्या आसपास येतो. तिकडे नोकरी लागली तर तो जड जात नाही. पण पोरगा हात हलवत परत आला, तर मुंबईतल्या पहिल्या पगारात तो बसत नाही. मग वडिलांच्या पेन्शनला हात लागतो.

शिवाय तारण ठेवताना काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, नोंदणीकृत करारनामा, ना हरकत पत्र असं सगळं फायलीत लागतं. फ्लॅट बहुधा नवराबायको दोघांच्या नावावर असतो. आई समोर बसून पानापानावर सही करते, मराठीत, सावकाश, पूर्ण नाव लिहून. कागद सगळे इंग्रजीत. एक बाई मध्येच थांबल्या आणि मला म्हणाल्या, "साहेब, तिकडे याचं काही जमलं नाही तर आम्ही राहायचं कुठे?" मुलगा शेजारीच बसून विद्यापीठाचे मेल बघत होता. तारण म्हणजे नेमकं काय, हे त्याला कोणी समजावूनच दिलं नव्हतं.

विद्याविहारची

काका, बँकेतलं तुम्ही म्हणता ते खरं, पण तुमचा सगळा हिशोब अमेरिकेचा आहे. मी श्टुटगार्टला शिकते. जर्मनीच्या या राज्यात युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो फी आहे. बाकीच्या बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत तीही नाही, थोडंफार सेमिस्टर शुल्क तेवढं भरायचं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने मात्र २०२४ पासून फी सुरू केली आहे, ते बघून घ्या. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी अडकवून ठेवलेल्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात. ती रक्कम मोठी वाटते, पण पैसे आपलेच असतात, महिन्याला ९९२ असे परत मिळतात. वर्षात १४० पूर्ण दिवस काम करायला परवानगी आहे. बाबांनी पीएफमधून उचल घेतली, बाकीचं मी इथे काम करून भागवते. घराचा प्रश्नच आला नाही.

पण माझा खरा आक्षेप तुमच्या "आधी दोन वर्षं नोकरी" याला आहे. मुलींना हा सल्ला देताना पुढचाही विचार करा. माझ्या दोन मैत्रिणींनी अगदी हेच ठरवलं होतं. नोकरी लागली, वर्षभरात घरात स्थळं यायला लागली, मग "लग्नानंतर बघू", मग सासरी विचारून बघू. दोघीही गेल्या नाहीत. एकीला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. पदवी हातात आल्यावर घरचे "जा" म्हणतात ते काही महिनेच. ते महिने निघून गेले की परवानगी नव्याने मागावी लागते, आणि तेव्हा ती देणारी माणसंही वाढलेली असतात.

गिरगावकर

मुलुंडकरांशी सहमत. पुतण्या इंग्लंडला गेला. मास्टर्स एका वर्षाचं, सप्टेंबरमध्ये पोचला. नवीन गाव, थंडी आणि असाइनमेंट यांतून डोकं वर काढेपर्यंत डिसेंबर उजाडला आणि कळलं की मोठ्या कंपन्यांच्या ग्रॅज्युएट भरतीचे बरेचसे अर्ज आधीच बंद झालेत. शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा आत्ता दोन वर्षांचा आहे, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचाच मिळणार. कन्सल्टन्सीवाल्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. सल्ला फुकट देतात, कारण त्यांना कमिशन तिकडच्या विद्यापीठाकडून मिळतं.

पवई_परत

उलट बाजू मांडतो. मी ठाण्याचा, एमएस अमेरिकेत केलं, घर तारण ठेवूनच. काकांच्या हिशोबात एक गोष्ट राहिली आहे. कर्ज रुपयांत असतं आणि फेड डॉलरमधून होते. रुपया घसरला की शिकताना फी महाग पडते, पण फेडताना तोच उपयोगी येतो. शिक्षणानंतर ओपीटीचं, म्हणजे तिथे काम करायच्या परवानगीचं, एक वर्ष, आणि विज्ञान-तंत्रज्ञानातली पदवी असेल तर त्यावर आणखी दोन. नोकरी मिळाली आणि चौघांनी एका फ्लॅटमध्ये राहून काटकसर केली तर या तीन वर्षांत ४० लाख फिटतात. माझे फिटले. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत माझा नंबर लागला नाही. वर्षाला जागाच ८५ हजार. परत आलो तेव्हा घराचे कागद बँकेतून सुटले होते आणि इथली नोकरी त्याच पदवीवर मिळाली.

आणि सप्टेंबर २०२५ मधल्या एच-वन-बीवर लावलेल्या त्या एक लाख डॉलरच्या फीचं ऐकून घाबरलेल्यांसाठी: ऑक्टोबरमध्ये खुलासा आला की अमेरिकेत राहूनच विद्यार्थी व्हिसावरून एच-वन-बीवर जाणाऱ्याला ती लागू नाही. नियम बदलतात, मान्य आहे. म्हणून तर व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मजकुरावर न जाता मूळ सूचना वाचायला हवी.

दादरची_रेघ

इथे सगळ्यांनी मास्टर्स म्हणजे कॉम्प्युटर आणि परतावा म्हणजे पगार असं गृहीत धरलं आहे, याचं वाईट वाटतं.

मी जुन्या कागदांचं आणि चित्रांचं संवर्धन शिकायला गेले. मुंबईच्या दमट हवेत शंभर वर्षांपूर्वीच्या दप्तराचं काय होतं हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. पानं एकमेकांना चिकटतात, शाईतलं लोह कागद खातं, अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचं भोक उरतं. ते पान न फाटता सोडवायचं कसं, पाण्याने शाई पसरेल का हे आधी कसं तपासायचं, मागून जपानी कागदाचा आधार कसा द्यायचा, हे मला तिथे हाताला धरून शिकवलं. आमचं दादरचं घर तारण आहे. कर्ज अजून चालू आहे आणि माझा पगार पवईकरांच्या जवळपासही जाणार नाही. तरी बाबांना कोणी विचारलं तर ते आजही सही करतील, आणि त्यांना ते करू नका असं सांगायचा अधिकार बँकेच्या तक्त्याला नाही. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले तेव्हा हप्त्याचं गणित मांडून गेले नव्हते. विद्येची भूक होती म्हणून गेले.

मुलुंडकर

ताई, तुमचं काम वाचून मनापासून आदर वाटला. पण बाबासाहेबांचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. १९१३ ला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती. ती संपल्यावर लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून १९१७ मध्ये परत यावं लागलं. मग इथे मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतले, आणि १९२० ला पुन्हा लंडन गाठलं. भूक तर होतीच, पण तिच्यासाठी त्यांनी आधी नोकरी केली. आजही चेवनिंगसारखी पूर्ण खर्च देणारी शिष्यवृत्ती दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते. फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्सला तर तीन वर्षांचा लागतो.

चेंबूर_पूर्व

तारण ठेवावं की नाही, हा वाद घर असलेल्यांचा आहे. आमची खोली पागडीची, बँक तिच्याकडे बघतही नाही. मी समाजकल्याण खात्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर गेलो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, फी, निर्वाह भत्ता आणि विमानाचं भाडं मिळतं. त्याआधी विद्यापीठाची अनामत भरायची होती, ती वस्तीतल्या लोकांनी जमवून दिली. ज्यांना हे लागू नाही त्यांनी जे. एन. टाटा एंडोमेंटकडे बघावं, १८९२ पासून परदेशी शिकायला कर्जाऊ शिष्यवृत्ती देतात, इथे मुंबईतच. आमच्या कॉलेजात यातलं एकही नाव कोणी कधी काढलं नव्हतं. कन्सल्टन्सीचे फलक मात्र स्टेशनपासून गेटपर्यंत.

अंधेरीचा_सीए

एक भर. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची आयकरातली वजावट आठ वर्षं मिळते, पण जुन्या करप्रणालीतच. नवीन निवडली तर नाही. वडील हप्ता भरणार असतील तर हे कर्ज घेण्याआधीच बघा. आणि शिकत असतानाच व्याज दरमहा भरत गेलात तर मुद्दल फुगत नाही. काही सरकारी बँका निवडक परदेशी विद्यापीठांसाठी तारणाशिवायही मोठी रक्कम देतात, त्यामुळे घराचे कागद काढण्याआधी आपल्या विद्यापीठाचं नाव त्या यादीत आहे का ते विचारा.

मुलुंडकर

विद्याविहारची, तुमच्या मैत्रिणींचं वाचल्यावर बहिणीशी बोललो. भाचीला दोन वर्षं थांब असं मी आता सांगणार नाही. घर तारण ठेवायचं नाही, हे मात्र तसंच. तिचा विषय मेकॅनिकल आहे. जर्मनीसाठी सुरुवात कुठून करायची?

विद्याविहारची

काका, आधी एपीएस, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासून मिळणारं प्रमाणपत्र. २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना त्या प्रमाणपत्राशिवाय व्हिसा मिळत नाही आणि ते हातात यायला वेळ लागतो. त्याच्या बरोबरीने आजच जर्मन भाषेचा वर्ग लावा. अभ्यासक्रम इंग्रजीत मिळेल, पण मेकॅनिकलमधली नोकरी, विशेषतः लहान गावातल्या कारखान्यांतली, जर्मन येत नसेल तर मिळणं फार कठीण आहे. तिला माझ्याशी थेट बोलू द्या. आईंनाही फोनवर घ्या.