सोसायटीच्या कराओकेसाठी जिन्याने चढवता येईल असा साउंड कोणता घ्यावा?

डोंबिवलीचा_कट्टा

नमस्कार मंडळी. डोंबिवली पूर्वेला आमच्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांचा गाण्याचा कट्टा आहे. दर महिन्याला एका रविवारी संध्याकाळी क्लब हाउसमध्ये जमतो. ऐकणारे पन्नास-साठ, त्यातले पंधरा-वीस गाणारे. आजवर साउंड भाड्याने आणला. आता वर्गणीचे ६०,००० रुपये जमलेत आणि स्वतःचा संच घ्यायचं ठरलंय.

क्लब हाउस दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना चढावा लागतो आणि सामान उचलणारे आम्हीच, सगळे साठीपुढचे. टाइल्सची फरशी, तीन बाजूंना काचेच्या सरकत्या खिडक्या. माइक घेऊन कोणी जरा पुढे आलं की शिटी वाजते. मागच्यांना शब्द कळत नाहीत, म्हणून आवाज वाढवला तर पुढचे कानावर हात ठेवतात. दुकानदार म्हणतो १,००० वॉटची ट्रॉली, म्हणजे चाकांचा मोठा स्पीकर, घ्या, सगळे प्रश्न मिटतील.

आमच्यातल्या एका वहिनींचा गळा फार सुरेल आहे, पण आवाज मऊ. त्या गातात तेव्हा कराओकेचा ट्रॅकच (मागचं संगीत) ऐकू येतो, त्या येत नाहीत. त्यांचं गाणं शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचेल असं काय घ्यावं?

मडगाव_मैफल

आम्ही जेबीएलचा पार्टीबॉक्स ११० स्पीकर वापरतो. १६० वॉट, बॅटरी कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे १२ तास. अंगणातल्या वाढदिवसाला झकास. फक्त त्याला माइकचं इनपुट एकच आहे, दुसरं गिटारसाठी. द्वंद्वगीतं असतील तर दोन माइकचा एकत्र आउटपुट देणारा वायरलेस माइकचा रिसीव्हर लागेल.

नाशिकची_गाणारी

काका, नमस्कार. मी नाशिकमध्ये घरगुती समारंभांना कराओके करते. बहुतेक वेळा एकटीच जाते, रिक्षातून. त्यामुळे कुठलंही सामान घेताना मी पहिला प्रश्न वजनाचा विचारते, दुसरा माइकचा. वॉटचा नंबर त्यानंतर.

ट्रॉली अजिबात घेऊ नका. १,००० वॉट हा आकडा बहुतेक वेळा क्षणभराच्या कमाल ताकदीचा (पीक किंवा पीएमपीओ) असतो, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, विचारा. आणि वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला तो किंचित जास्त वाटतो इतकंच. त्या किंचितपणासाठी वीस-पंचवीस किलोचं धूड दोन मजले का चढवायचं?

तुमच्या हॉलचं दुखणं वेगळं आहे. काच आणि टाइल्स आवाज परत फेकतात. एकच मोठा स्पीकर पुढे ठेवला की पुढच्यांवर आदळतो आणि मागे नुसता घुमारा पोहोचतो. त्यापेक्षा आठ किंवा दहा इंची दोन हलके पॉवर्ड स्पीकर (अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेले) घ्या, स्टँडवर चढवा, ट्विटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) बसलेल्या माणसांच्या डोक्यावरून जाईल इतके उंच. म्हणजे आवाज कमी ठेवूनही मागे शब्द पोहोचतात. खिडक्यांचे पडदे ओढा, मोकळ्या फरशीवर सतरंज्या अंथरा. फुकटात फरक पडतो.

गाणारा नेहमी दोन्ही स्पीकरच्या मागच्या बाजूला उभा राहील अशी मांडणी करा. शिटी निम्मी तिथेच थांबते. आणि माइकची जाळी मुठीत धरायची नाही. आपल्याकडे पुष्कळ जण स्टायलीत तशी धरतात. मग तो माइक चारी बाजूंनी आवाज ओढायला लागतो आणि शिटी मारतो.

आता वहिनी. मला त्यांच्याबद्दलच जास्त लिहायचं आहे, कारण मऊ आवाजाच्या बायकांना "जरा मोठ्याने गा" असं सांगून गप्प बसवलेलं मी फार पाहिलंय. त्यांनी मोठ्याने गायची गरज नाही. माइक ओठांपासून दोन बोटांवर धरायला सांगा. अंतर निम्मं झालं की माइकला मिळणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. मग त्यांच्या गाण्यापुरता ट्रॅक खाली घ्या, माइक वर चढवू नका. मिक्सरवर माइकच्या चॅनलला लो-कट (खालची घरघर कापणारं बटण) दाबा, इको कमी करा. इकोने गळा गोड वाटतो, पण शब्द एकमेकांत मिसळतात आणि तुमच्या हॉलमध्ये घुमारा आधीच पुरेसा आहे.

मिक्सर यामाहाचा एमजी१०एक्सयू बघा. वजन दोन किलोच्या आसपास, चार माइक लागतात, इकोसारखे इफेक्ट आतच आहेत. पहिल्या दोन चॅनलना एका बटणाचा कॉम्प्रेसर आहे. तो हलके सूर वर उचलून धरतो आणि तार सप्तकातली एकदम आलेली उसळी आवरतो. वहिनींचा माइक त्यातल्याच एका चॅनलवर लावा. माइक साधा डायनॅमिक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज घेणारा. शुअरचा एसएम५८ १९६६ पासून आहे आणि अजून स्टेजवर दिसतो. नकली पुष्कळ विकले जातात, म्हणून बिलाशिवाय घेऊ नका.

सगळं ६०,००० मध्ये बसलं नाही तर मिक्सर आणि माइक चांगले घ्या, स्पीकर सध्या एकच घ्या. दुसरा पुढच्या वर्गणीत. मिक्सर एकाने, स्पीकर दुसऱ्याने, स्टँड तिसऱ्याने उचलले की जिन्याचा प्रश्नही सुटतो.

ठाणे_साउंड

ताईंचं बरोबर आहे, एक मात्र सांगतो. साठीपुढची माणसं वायरमध्ये पाय अडकून पडतात. वायरचा माइक असेल तर वायर भिंतीकडून फिरवून टेपने चिकटवा. वायरलेस हवा असेल तर यूएचएफ रेडिओ लहरींवर चालणारा घ्या. २.४ गिगाहर्ट्झवाला सोसायटीच्या वायफायच्या गर्दीत मध्येच तुटतो. मिक्सर वेगळा नकोच असेल तर बोसचा एस१ प्रो स्पीकर आहे, सात किलोच्या आसपास, दोन माइक थेट लागतात, बॅटरी आहे. पण हॉलमध्ये वीज असताना बॅटरीचे पैसे मी खर्च केले नसते.

डोंबिवलीचा_कट्टा

ताई, ठाणेकर, मनापासून आभार. ट्रॉली रद्द. अजून एक शंका: भाड्याच्या साउंडला आम्ही मोबाइल वायरने जोडतो तेव्हा कधीकधी ट्रॅक पोकळ ऐकू येतो, ढोलक आणि बेस गायबच. ट्रॅक खराब असतात का? ब्लूटूथने बरं पडेल का?

नाशिकची_गाणारी

ट्रॅक बहुधा ठीक आहेत, वायर बघा. मोबाइलचा आउटपुट स्टीरिओ असतो. तो स्टीरिओ पिनने एकाच बॅलन्स्ड माइक इनपुटमध्ये (जो दोन तारांमधला फरकच घेतो) घुसवला की डावा आणि उजवा एकमेकांतून वजा होतात. बेस आणि तालवाद्यं बहुतेक दोन्ही बाजूंना सारखी असतात, म्हणून तीच आधी नाहीशी होतात. एका टोकाला मोबाइलची पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या मोनो पिना अशी वायर मिळते. ती मिक्सरच्या स्टीरिओ चॅनलला लावा.

ब्लूटूथ टाळा. आवाज उशिरा पोहोचतो, पडद्यावरचे शब्द पुढे पळतात आणि गाणारा गांगरतो. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर अंतऱ्यात कोणाचा तरी फोन वाजतो.

दुसरं, प्रत्येकाची पट्टी वहीत लिहून ठेवा. पुरुष काळी एकला आणि बायका काळी चारला सुखाने गाणार असतील तर मूळ ट्रॅक दोघांनाही बसेलच असं नाही. पट्टी बदलणारी अॅप आहेत, पण चार-पाच स्वर सरकवले की वाद्यं चिरकी होतात. एक-दोन स्वरांपर्यंतच सरकवा. वहिनींचा सूर खाली दबत असेल तर आवाज वाढवण्याआधी पट्टी तपासा. मला शंका आहे की निम्मं कारण तिथेच असेल.

ठाणे_साउंड

वेळेचं सांभाळा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. बंदिस्त हॉलला आतल्या आत वापरायची सूट आहे, पण सरकत्या खिडक्या उघड्या ठेवून ती मागू नका. जवळ १०० मीटरच्या आत हॉस्पिटल असेल तर जास्तच जपा.

डोंबिवलीचा_कट्टा

हॉस्पिटल नाही, पण आम्ही साडेआठलाच आवरतो. या आठवड्यात खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणार आहोत. वहिनींना बरोबर नेऊन दुकानातच गायला लावावं म्हणतोय.

नाशिकची_गाणारी

जरूर न्या. त्यांच्याच पट्टीतला ट्रॅक पेनड्राइव्हवर आणि मोबाइलमध्ये, दोन्हीकडे ठेवा. दुकानदाराला इको पूर्ण शून्यावर आणायला सांगा आणि तुम्ही दुकानाच्या दाराशी जाऊन ऐका. शब्द कळले तर तोच माइक घ्या.