पॅन्क्रियाटायटिसमध्ये (पॅन्क्रियाज म्हणजे स्वादुपिंड सुजण्यात) भावाची नजर गेली. कुणाच्या घरी असं झालंय का?

सुदामानगरची ताई, इंदूर
माझा धाकटा भाऊ, वय 41. दारूचा थेंब नाही. पित्ताशयातला खडा सरकून नळीच्या तोंडाशी अडकला आणि पोट इतकं दुखलं की गुडघे छातीशी घेऊन कण्हत होता. अ‍ॅडमिट केलं, तिसऱ्या दिवशी दुखणं निवळलं. चौथ्या दिवशी सकाळी म्हणाला, "ताई, घड्याळाची कड दिसतेय, काटे दिसत नाहीत." वॉर्डात सांगितलं तर म्हणे अशक्तपणा आहे. मी दीड दिवस गप्प बसले, ते अजून मनाला लागून आहे. मग हट्टानं डोळ्यांचे डॉक्टर बोलावून घेतले. त्यांनी थेंब घालून पाहिलं. दोन्ही डोळ्यांच्या आतल्या पडद्यांवर कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे डाग, मधेमधे रक्त. "पुर्चरसारखी रेटिनोपॅथी, म्हणजे पडद्याचा आजार. पॅन्क्रियाजमुळेच झालंय," म्हणाले.

घरी येऊन बारा दिवस झाले. भाऊ सियागंजात हिशेब लिहितो, आकडे दिसले नाहीत तर काय करेल? नजर परत येते का? स्टेरॉइड द्या म्हणून मागं लागू का?

निवृत्त फिजिशियन, लष्कर, ग्वाल्हेर
ताई, दीड दिवसाचं ओझं वाहू नका. त्या वेळात हमखास नजर वाचवेल असा उपचारच नाही.

स्वादुपिंड सुजतं तेव्हा त्याची पाचकद्रव्यं रक्तात उतरतात, पांढऱ्या पेशींचे पुंजके होतात आणि पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. ऑस्ट्रियातल्या पुर्चर यांनी 1910 मध्ये झाडावरून पडून डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या डोळ्यांत हे पाहिलं. मार नसताना तसंच दिसलं, तर 'पुर्चरसारखी' म्हणतात. मी उभ्या नोकरीत दोनच रुग्ण पाहिले. एकाची नजर तीन महिन्यांत बरीच आली, दुसऱ्याला मधोमध धूसर राहिलं. स्टेरॉइडनं फायदा होतो याला भक्कम पुरावा नाही, उलट साखर चढते आणि पोटात जंतुसंसर्गाची भीती असते. मी मागं लागलो नसतो. पडद्याचा ओसीटी, म्हणजे त्याच्या थरांचं स्कॅन, मात्र पुन्हा करा.

आणि पित्ताशय अजून आत असेल, तर ते कधी काढायचं हे सर्जनना आजच विचारा. खडा पुन्हा सरकला तर सगळं पहिल्यापासून. नडग्यांवर लाल, दुखऱ्या गाठी आल्या तर कीडा चावला म्हणून सोडू नका. तीच द्रव्यं कातडीखालची चरबी जाळतात.

दांडियाबाजार, वडोदरा
डोळ्यांचं मला माहीत नाही, पण आमच्या यांचं सांगते. दुखणं बरं होऊन आठ महिने झाले होते. पोटात कळ नाही, काही नाही, आणि एका रात्री बेसिनभर रक्ताची उलटी. प्लीहेची (स्प्लीनची) शीर पॅन्क्रियाजच्या पाठीला चिकटून जाते, सुजेनं तिच्यात गुठळी झाली होती. रक्ताला वाट मिळेना म्हणून जठराच्या शिरा फुगल्या आणि त्यातली एक फुटली. लिव्हर अगदी चांगलं होतं, म्हणून आधी कुणाच्या ध्यानातच आलं नाही. शेवटी प्लीहा काढली. भावाला शौचाला डांबरासारखं काळं झालं तर सकाळची वाट पाहू नका. जुना सीटी घेऊन 'प्लीहेची शीर मोकळी आहे ना' एवढं विचारून या.

सुदामानगरची ताई, इंदूर
सात आठवड्यांनी लिहितेय. सीटी दाखवला, शीर मोकळी आहे. पोटात साचलेलं पाणी ओसरलं की दुर्बिणीतून पित्ताशय काढणार आहेत. डोळे तपासले, पांढरे डाग जवळजवळ गेलेत. डाव्या डोळ्यानं तक्त्यावरच्या वरून चार ओळी वाचतो, उजव्यात मधोमध अजून राखाडी ठिपका आहे. परवा त्यानं दुकानातली वही घरी मागवली. रकाने मी वाचून दाखवते, बेरीज तोच करतो. काल एका ठिकाणी मी 8 ला 3 वाचलं, तर वही ओढून घेतली आणि डावा डोळा कागदाला लावून म्हणाला, "आठ आहे, ताई."