घरातले फौजी: आपल्या माजी सैनिकांच्या आठवणी लिहा

आमचे अण्णा पहिल्या मराठा बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होते. गेल्या वर्षी ते वारले, तेव्हा भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने जमालपूरचा (तेव्हाचा पूर्व पाकिस्तान, आताचा बांगलादेश) विषय काढला. १९७१ च्या डिसेंबरात, १० तारखेच्या रात्री, जमालपूरमधून निसटू पाहणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट याच पलटणीने अडवली होती. परंतु ती हकीकत आम्ही नेहमी दुसऱ्यांकडूनच ऐकली. अण्णांना विचारले, तर ते "थंडी फार होती" एवढेच सांगत आणि विषय बदलत.

मला त्यांच्याविषयी खात्रीने सांगता येईल ते त्यांच्या काळ्या ट्रंकेवरून. झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेले होते. बढती मिळाल्यावर त्यांनी 'शिपाई'वर काळा रंग फिरवून 'नाईक' आणि पुढे 'हवालदार' असे लिहिले, तरी उन्हात ट्रंक तिरकी धरली की खालचा 'शिपाई' अजून वाचता येतो. निवृत्तीनंतर तिच्यात आमची गुणपत्रके, आईची दोन ठेवणीतली लुगडी आणि सातबाराचे उतारे असत. किल्ली त्यांच्या जानव्याला असे, असे लोक थट्टेने म्हणत. वास्तविक त्यांनी जानवे कधी घातलेच नाही, ती करगोट्याला होती.

पराक्रमाची नोंद पलटण ठेवते. आपल्या घरातला फौजी घरात कसा होता, ते येथे लिहावे, ही विनंती.

*

माझे वडील खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलात होते. पत्रावर '५६ एपीओ', म्हणजे फौजेचे टपाल कार्यालय, असा पत्ता असे, आणि ते एखादे गाव असावे अशी माझी समजूत सातवीपर्यंत कायम होती. बाईंनी नकाशात गावे दाखवायला सांगितली, तेव्हा मी ते शोधत बसले होते. वर्षाकाठी साठ दिवसांची सुट्टी मिळे. त्यातले पहिले आठ दिवस आम्ही भावंडे त्यांना बुजत असू आणि शेवटचे आठ दिवस आई गप्प असे, म्हणजे खरा सहवास मधल्या दीड महिन्याचाच. तेवढ्यात ते गोठ्याची दुरुस्ती करत आणि ओढ्यावरचा साकव नव्याने बांधत. दोर बांधण्याची एक गाठ त्यांनी मला शिकवली होती: कितीही ताण आला तरी ती घट्ट राहते आणि एका हाताने सुटते. त्यांच्या शेवटच्या आजारपणात सलाइनची बाटली खिडकीच्या गजाला मी त्याच गाठीने बांधली. त्यांनी ती डोळे किलकिले करून तपासली आणि "टोक लांब ठेवलंस" म्हणाले.

*

सासरे महार रेजिमेंटमधून निवृत्त झाले होते. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी ते इस्त्रीचा सदरा घालून, छातीवर पदके लावून बँकेत जात. एका वर्षी शेतीकामाने झिजलेला त्यांचा अंगठा यंत्राने तीन वेळा नाकारला आणि खिडकीपलीकडच्या कारकुनाने "उद्या या" म्हटले. मामंजी तेथेच सावधान उभे राहिले आणि आपला नंबर, हुद्दा, नाव त्यांनी एवढ्या खणखणीत आवाजात सांगितले, की आतून व्यवस्थापक बाहेर आले. दाखला त्याच दिवशी झाला. घरी आल्यावर त्यांनी सुनेकडे, म्हणजे माझ्याकडे, अंगठ्याला लावायला खोबरेल तेल मागितले.