शब्दचर्चा : ‘बॉटलनेक’ म्हणजे चाळण, मान की मूठ?

निपाणीकर
माळरानावरच्या जीवांबद्दल एक माहितीफलक होतोय, मराठी आणि कन्नड शेजारी-शेजारी. मराठी वाक्य सध्या असं आहे : ‘पूर्वीच्या हवामानबदलांमुळे कोरडवाहू प्रजातींची जनुकीय विविधता घटली.’ पुढच्या मजकुरात बॉटलनेकला (एखाद्या प्रजातीची संख्या एकदम खूप घटून विविधता गळणं) ‘जनुकीय चाळण’ आणि रेफ्युजियमला (वाईट काळात प्रजाती जिथं तग धरते ती जागा) ‘आश्रयस्थान’ घातलंय. तिन्ही शब्द बघून सांगा.

अथणीकर
‘कोरडवाहू’ आधी काढा. जमीन कोरडवाहू असते, पीक कोरडवाहू असतं; चिंकारा कोरडवाहू नसतो. शब्द शेतीतला आहे, पावसावर अवलंबून असलेली ती कोरडवाहू. त्या हिशेबानं खानापूरकडचं पावसावरचं भातही त्यातच येईल, आणि तिकडच्या मुलखाला कुणी शुष्क म्हणणार नाही.

प्रदेशासाठी ‘शुष्क’, ‘अर्धशुष्क’ हे शब्द मापाचे आहेत. वर्षाचा पाऊस भागिले त्या हवेत जमिनीतून आणि झाडांतून उडून जाऊ शकणारं पाणी. उत्तर 0.65 च्या खाली आलं की कोरडा प्रदेश, त्यात 0.2 ते 0.5 म्हणजे अर्धशुष्क. अथणी, रायबाग त्यात बसतात. फलकावर ‘कोरड्या मुलखातल्या प्रजाती’ लिहा, सगळ्यांना कळेल.

आणि ‘दुष्काळ’ इथं आणू नका. 1876-78 चा दुष्काळ बेळगाव, कलादगीकडं भयंकर होता, पण तो दोन-तीन वर्षांचा. इथं विषय हजारो वर्षांच्या शुष्कतेचा आहे.

चिकोडीकर
‘चाळण’ सपशेल चूक. चाळणीच्या भोकाला माप असतं, बारीक खाली आणि भरड वर, म्हणजे निवड होते. पाऊस हटला आणि खोल मुळांची झाडं तेवढी तगली, तर ती चाळण खरी. पण त्याला ‘नैसर्गिक निवड’ हा शब्द आहेच. बॉटलनेकमध्ये जे होतं ते आंधळं. संख्या इतकी खाली येते, की जनुकाची कोणती रूपं पुढं जाणार हे नशिबावर राहतं.

पेवातलं बी किडलं, हाताला लागली ती एक मूठ, आणि पुढची पेरणी तिच्यावर. चित्र हेच आहे, म्हणून माझं मत ‘मूठ’. पीक पुन्हा शिवारभर होईल, पण मुठीत जे वाण आलंच नाही ते शिवारात कुठून येणार? ‘बाटलीची मान’ म्हटलं की ही गोष्ट निसटते. मानेच्या पुढं बाटली रुंद झाली म्हणजे सगळं पूर्ववत झालं असं वाटतं.

आकडा घालून बघा. कळपात जनुकाचं एखादं रूप 1 टक्का आहे. पैदाशीत भाग घेणारी दहाच जनावरं उरली. प्रत्येकात दोन प्रती, म्हणजे 20 प्रती. ते रूप त्यात एकदाही नसण्याची शक्यता 0.99 चा 20 वा घात, सुमारे 0.82. पाचांतल्या चार वेळा ते कायमचं गेलं. 5 टक्के असलेलं रूप 36 टक्के वेळा जातं.

आता दुसरं माप घ्या, विषमयुग्मता, म्हणजे एकाच जीवात दोन प्रती वेगळ्या असण्याचं प्रमाण. ती एका पिढीत 1/(2N) इतकीच घटते, दहाच्या कळपात 5 टक्के. म्हणून मूठ झाल्यावर लगेच मोजणारा म्हणतो, फारसं बिघडलं नाही. दुर्मिळ रूपं तोवर गेलेली असतात! कळप दहा पिढ्या दहावरच अडकला, तर विषमयुग्मतासुद्धा मूळच्या साठ टक्क्यांवर येते. यातला N म्हणजे पैदाशीतली प्रभावी संख्या, डोकी मोजून येणारा आकडा नव्हे. एकच नर बहुतेक पिल्लांचा बाप असेल, तर पन्नासाचा कळपही मुठीएवढाच.

मोठं उदाहरण चित्त्याचं. हिमयुगाच्या शेवटाला, सुमारे 10 ते 12 हजार वर्षांपूर्वी, तो अशा मुठीतून गेला असं मानतात. नात्यात नसलेल्या दोन चित्त्यांत कातडीचं कलम केलं तरी ते लवकर झिडकारलं जात नाही, हे 1985 साली प्रसिद्ध झालं.

खानापूरकर
रेफ्युजियमला ‘थारा’ म्हणा. ‘वाईट काळात थारा मिळालेली जागा.’ ‘आसरा’ही चालला असता, पण आपल्याकडं आसरा म्हटलं की आधी पाण्याच्या साती आसरा डोळ्यापुढं येतात.

फक्त वाईट काळ कुणाचा, ते फलकावर स्पष्ट करा. ‘हिमयुग’ वाचून माणूस बर्फ बघायला लागतो. सुमारे 21 हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता, पण आपल्याकडं बर्फ नव्हता. इथं नैर्ऋत्य मोसमी पाऊस दुबळा झाला होता. ओल्या जंगलातला बेडूक तेव्हा सह्याद्रीच्या ओलाव्यात थारा शोधणार. माळावरच्या जीवाला उलट रान मोकळं. पुढं 11 हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास पाऊस वाढला, झाडी पसरली, की अडचण माळावरच्याची. अर्थात पार वाळवंट झालं तर त्याचेही हाल. म्हणजे ‘कोरडं वाईट, ओलं चांगलं’ हा शेतकऱ्याचा हिशेब इथं लावता येत नाही.

त्यामुळं तुमच्या वाक्यातलं ‘घटली’ही मला खटकतंय. ‘घडली’ लिहा. गळ्याला पंखा असलेल्या माळावरच्या सरड्यांच्या अभ्यासात (2018) उलटंच निघालंय : भारतात शुष्कता वाढत गेली तसे त्यांचे फाटे फुटत गेले. ते मोजमाप मात्र लाखो वर्षांचं.

बेळगावकर
कन्नड बाजूसाठी. ‘हवामान’ कन्नडमध्येही आहे, पण शाळेच्या पुस्तकांत रोजच्या हवेला ‘हवामान’ आणि दीर्घकाळच्या सरासरीला ‘वायुगुण’ अशी वाटणी आहे. आपण दोन्हीला ‘हवामान’च म्हणतो, तेव्हा दोन्ही मजकूर शेजारी लावताना तेवढं जपा. जनुकशास्त्राला त्यांचा ‘तळिशास्त्र’ शब्द झकास आहे. ‘तळि’ म्हणजे वाण, जात. मराठीत ‘वाणवैविध्य’ म्हटलं की मात्र लोक ज्वारीच्या मालदांडीपाशी थांबतील, म्हणून इथं ‘जनुकीय’ ठेवा. ‘अनुवंशिक’ लिहायचंच झालं तर ‘आनुवंशिक’, पहिला स्वर दीर्घ.

निपाणीकर
मूठ आणि थारा घेतले. पण विविधता कमी दिसली की ‘हवामानामुळे’ असं थेट लिहावं का?

अथणीकर
थेट नको. तीन ठिकाणी फसगत होते.

दोन कळप बराच काळ वेगळे राहिले असतील आणि नमुने एकत्र मोजले, तर गणितात नसलेली मूठ दिसते. पिढीचा काळ 10 वर्षांऐवजी 5 धरला, की तारीख निम्म्यावर येते. 20 हजार वर्षांपूर्वीची घटना 10 हजारांवर येऊन बसते आणि भलत्याच पावसाळ्याशी जुळते. तिसरं, झाड लावलेलं आहे की आपसूक उगवलेलं, हे बघत नाहीत. गायरानाच्या कडेला ओळीत असलेल्या बाभळीचा इतिहास रोपवाटिकेचा असतो, मोसमी पावसाचा नव्हे. डीएनए तपासायला पानं घ्यायची तर ओळीतली सोडून, एकमेकांपासून निदान 50 मीटर लांबची 20 ते 30 झाडं घ्यावीत. पानं पाकिटात सिलिका जेलमध्ये (ओल शोषणारे दाणे), वजनानं पानाच्या दहापट. जेल कमी पडलं की पान काळं पडतं आणि डीएनए तुटतो.

आणि वेडी बाभूळ, कन्नडमधली बळ्ळारी जाली, या यादीत घेऊच नका. ती अमेरिका खंडातून एकोणिसाव्या शतकात माणसानं आणली. तिच्यात वाण कमी निघाले तरी ती मूठ माणसाची.

चिकोडीकर
मोजक्या जीवांपासून नवी वस्ती सुरू होते, त्या मुठीला वेगळा शब्द लागेल. ‘संस्थापक परिणाम’ असं पुस्तकांत आहे, पण त्यानं सहकारी संस्थेचा फलक वाटतो. ‘पहिली मूठ’ म्हणा.